डोक्यावरचा संगमरवर

माझ्या सासूबाईंनी कानबाईला संगमरवरी चौरंगाचा नवस बोलला, तेव्हा मी धुळ्याच्या एका दवाखान्यात निपचित पडलेली होते. शुद्धीवर असते तर नक्की विचारलं असतं, की आई, तो चौरंग उचलणार कोण? पण मला जबरदस्त कावीळ झालेली, डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलेलं, आणि सासूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून देवीशी थेट बोलणी करत होत्या. सून चालत घरी आली तर येत्या श्रावणात तुला संगमरवरी चौरंगावर बसवीन, असं त्या बोलून मोकळ्या झाल्या. मी चालत घरी आले. आणि आमच्या घरात दगडाची भानगड सुरू झाली.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई माहीत नसते, म्हणून थोडं सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी. तिला डोळे लावायचे, नथ घालायची, खण नेसवायचा, चौरंगावर मांडायची. सगळी भाऊबंदकी त्या दिवशी गोळा होते आणि रोट होतात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या. बायकांच्या नावाने मूठ का नाही, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात विचारून बसले होते. मी जळगावची, माहेरी कानबाई नाही, त्यामुळे अज्ञान म्हणून सोडून दिलं गेलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस रोटांच्या विषयात मला कोणी काही बोलू दिलं नाही.

सोमवारी सकाळी देवी विसर्जनासाठी वाजतगाजत पांझरा नदीवर जाते, तीही सुवासिनीच्या डोक्यावरून. आमच्या घराण्याची रीत अशी, की रविवारी देवी ज्या चौरंगावर बसली, तोच चौरंग देवीसकट डोक्यावर घ्यायचा. बसायला एक आणि न्यायला दुसरा, असं चालत नाही. सासूबाई म्हणायच्या, पाहुणीला बसल्या जागेवरून उठवत नाहीत. या रीतीत आजवर कोणाला काही अडचण आली नव्हती, कारण आमचा चौरंग लाकडाचा होता.

नवस बोलताना सासूबाईंना दगड आणि डोकं या दोन गोष्टी एकदम आठवल्या नाहीत. नंतरही कोणाला आठवल्या नाहीत. आम्ही सगळे शिकलेसवरलेले. माझे सासरे, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, ते मास्तरकीतून निवृत्त झालेले. आमचे हे पाटबंधारे खात्यात. मी बी.ए. आणि वर हॉबी क्लास. सगळे मिळून आग्रा रोडवरच्या फरशीवाल्याकडे गेलो, छान पांढरा, करड्या शिरांचा दगड पसंत केला, चार पाय आणि वरची फळी असा चौरंग घडवायला सांगितला, आणि येताना उसाचा रस पिऊन आलो.

चौरंग आला तो हातगाडीवर, दोरखंडाने बांधून. चार धट्टेकट्टे गडी तो उतरवायला लागले, आणि घरात आणेपर्यंत त्यांच्या तोंडून देवाधर्माला न शोभणारे शब्द निघाले. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका दारात उभ्या. समोरच्या अक्का तर स्वैपाक टाकून आल्या होत्या. अक्का म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. त्यांना सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी नदीपलीकडे देवपूरला पोहोचायची. त्यांनी दगडावर हात फिरवला, गार लागतो म्हणाल्या, सासूबाईंकडे मान तिरकी करून बघितलं, आणि पहिल्यांदाच काहीएक न बोलता घरी गेल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघून मला माझ्या काविळीचा अभिमान वाटला.

मग नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, की आता हा सोमवारी नदीवर नेणार कोण?

मला तो क्षण अजून आठवतो. हे चौरंगाकडे बघत होते, मी ह्यांच्याकडे, आणि सासूबाई माझ्या मानेकडे. माझी मान तेव्हा आजारपणाने वाळून कोथिंबिरीच्या काडीएवढी झालेली होती.

त्या दिवसापासून घरात सल्लामसलतींना ऊत आला. ह्यांनी सुचवलं की देवी सजवलेल्या हातगाडीवरून नेऊ. सासूबाईंनी विचारलं, ती काय कांदे शे का? मग दगडाची पातळ फळी कापून आणायचं निघालं. त्यावर त्या म्हणाल्या की नवस चौरंगाचा बोललाय, न्हाणीघरातल्या फरशीचा नाही. नानांचं म्हणणं, चूक नवस बोलणारीची आहे, तर तिनेच तो डोक्यावर घ्यावा; पुढच्या वेळी बोलताना थर्माकोल बोल. नाना असे मोक्याच्या वेळी बोलायचे आणि लगेच पेपरात तोंड घालायचे.

आम्ही हसत होतो, पण सासूबाईंना ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. त्यांच्या लेखी नवस फिटला नाही म्हणजे माझा जीव अजून देवीकडे गहाण होता. सकाळी उठल्या उठल्या त्या माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून पिवळेपणा बघायच्या. मला शिंक आली तरी त्यांची नजर देव्हाऱ्याकडे जायची. मला माहेरी जाऊ देईनात, नदीकडे फिरकू देईनात, जास्त हसले तरी दटावायच्या. मी चिडायचे, डॉक्टरांनी मला ठणठणीत म्हटलंय म्हणून सांगायचे. पण डॉक्टरांनी कावीळ बघितली होती, नवस नव्हता बघितला. सासूबाईंना खरोखर भीती वाटत होती, आणि मला त्या भीतीचा राग यायचा आणि बरंही वाटायचं. माझ्या आईनेसुद्धा माझी इतकी काळजी कधी केली नाही.

अशातच एका संध्याकाळी मी बोलून गेले, की आपल्या जुन्याच चौरंगाला संगमरवरी रंग देते. हुबेहूब करून देते, कोणी ओळखणार नाही.

सासूबाई साक्रीकडच्या. घरात, बाजारात, डॉक्टरसमोर, सगळीकडे त्या अहिराणीच बोलायच्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कानबाईना काय डोया फुटेल शेत का?”

पण श्रावण दारात आला होता आणि दुसरा मार्गही नव्हता. नानांनी तोडगा काढला की आधी रंगवून तर बघू दे, देवीचे डोळे नंतर बघू. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे अर्धा होकार. अट एकच, की गल्लीत कोणाला कळता कामा नये. त्यामुळे दगडी चौरंग मागच्या खोलीत गेला, जुना चौरंगही तिथेच गेला, आणि दाराला आतून कडी लागली. माझ्यासमोर नमुना म्हणून अस्सल संगमरवर होता. इतकं भाग्य जळगावच्या हॉबी क्लासमध्येही कोणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

त्या क्लासचं सांगायलाच हवं. कॉलेजच्या सुट्टीत आम्ही मैत्रिणी तिथे जायचो. बाई आम्हाला साडीवर रंगकाम, मडक्यावर रंगकाम असं शिकवायच्या, आणि शेवटच्या आठवड्यात ‘मार्बल इफेक्ट’. तेव्हा ॲक्रिलिकच्या ट्यूबा जळगावात एकाच दुकानात मिळायच्या आणि दुकानदार त्या औषधासारख्या जपून द्यायचा. मी एक कुंडी संगमरवरी करून घरी नेली होती. वडिलांनी तिच्यात विड्यांचे देठ टाकायला सुरुवात केली. तरी माझा आत्मविश्वास शाबूत होता.

चौरंगावर कित्येक वर्षांचं तेल आणि कुंकू बसलेलं. सोड्याच्या पाण्याने तो धुतला, उन्हात वाळवला, पॉलिश पेपरने घासला, भेगा बुजवायला लांबीचा लगदा भरला. सासूबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. तो त्यांच्या सासूच्या सासूचा चौरंग. मी पॉलिश पेपर जरा जोरात ओढला की त्या कळवळायच्या, मी त्यांच्याच पाठीला घासतेय अशा. मग पांढऱ्याचे हात दिले. एक वाळला की दुसरा. इथवर सगळं झकास. पांढरा चौरंग बघून नाना म्हणाले, दवाखान्यातलं स्टूल छान झालंय.

खरी परीक्षा शिरांची. मी बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला, समोरच्या दगडाकडे बघत बघत काळजीपूर्वक रेघा काढल्या. झाल्यावर नानांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, वाकले, आणि नकाशावरून फिरवावं तसं रेघांवरून बोट फिरवत म्हणाले, हे आपलं धुळं, हे सोनगीर, हे नरडाणा, इथून शिरपूरची गाडी मिळेल. मी तिथल्या तिथे सगळ्यावर पांढरा हात मारला.

दुसऱ्या वेळी करडा रंग केला, त्यात किंचित तपकिरी घातला, पाणी जास्त घेतलं. आता रेघा फिक्या आल्या, नाजूक आल्या, पण सगळ्या एकाच जाडीच्या आणि एकाच बाजूला. आमचे हे ऑफिसातून आले, बूट काढता काढता बघितलं आणि म्हणाले, अगदी आमच्या साहेबांच्या पोटऱ्या. त्या रात्री मी त्यांना भाजी वाढली नाही. परत पांढरा.

एकतर ॲक्रिलिक भलतंच उतावळं. स्पंज लावून रंग जरा पसरवावा म्हटलं तर तोवर तो सुकून बसलेला. पंखा चालू असला की आणखीच. म्हणून पंखा बंद, दार बंद, खिडकी बंद, आणि श्रावण अजून कोरडाच. घामाचा थेंब चौरंगावर पडू नये म्हणून मी डोक्याला टॉवेल बांधून बसायचे. सासूबाई म्हणायच्या, हॉस्पिटलात बरी दिसत होती.

ब्रशने जमत नाही म्हणून मला आठवलं, की बाई शिरांसाठी पीस वापरायच्या. कोंबडीचं पीस मिळवणं सोपं होतं, पण ते नुसतं उच्चारलं आणि सासूबाईंनी कानावर हात ठेवले. देवीच्या आसनाला कोंबडीचं पीस लावणारी सून या घरात आली नव्हती आणि येणारही नव्हती. शेवटी बाळकृष्णाच्या तसबिरीमागचं मोरपीस काढून त्यांनीच माझ्या हातात दिलं. मोराचं चालतं, मोर शाकाहारी, असं त्यांचं म्हणणं. नाना पेपराआडून म्हणाले की मोर साप खातो. त्यावर दोघांची जी जुंपली, ती दुपारभर पुरली.

आणि त्या भांडणातच मला संगमरवर सापडला. झालं असं, की सासूबाई नानांवरून माझ्यावर घसरल्या. तुझ्या रंगाच्या पसाऱ्याने घराचं पार वाटोळं केलं, जळगावच्या पोरींना घरकाम सोडून सगळं येतं, असं काहीबाही. रागाने माझा हात थरथरत होता आणि त्या हातात रंगात बुडवलेलं मोरपीस होतं. ते चौरंगावर टेकलं, थरथरत सरकलं, मध्येच उचललं गेलं, पुन्हा टेकलं. खाली बघते तो अस्सल शीर. कुठे जाड, कुठे केसाएवढी, मध्ये तुटलेली, पुढे दोन फाटे फुटून एक फाटा विरून गेलेला. मी समोरच्या दगडाकडे बघितलं, आपल्या शिरेकडे बघितलं, आणि सासूबाईंना म्हणाले, आई, थांबू नका, बोलत राहा.

त्यांना वाटलं मी वाद घालतेय, म्हणून त्या आणखी बोलल्या. आणखी दोन सुरेख शिरा आल्या.

पुढचे काही दिवस आमच्या घरात हाच उद्योग. मी पीस घेऊन बसले की नाना दारात येऊन विचारायचे, आज कोणाचा राग आणायचा आहे? मग माहेरच्या केळीच्या भाजीवरून, माझ्या बी.ए.च्या मार्कांवरून, जळगावचं भरीत भारी की धुळ्याचं, यावरून ते मला असं काही डिवचायचे की एकेक शीर बघत राहावी. भरिताच्या विषयावर तर मी चौरंगाची एक अख्खी बाजू पूर्ण केली. जळगावचंच भारी, हे मी आजही कुठेही सांगेन.

नुसत्या शिरा काढून भागत नाही, हे दगडाकडे बघून कळलं. त्यावर ओलं फडकं फिरवलं की दिसायचं, की काही शिरा वर असतात आणि काही खोल, दुधात बुडाल्यासारख्या. म्हणून शिरा काढायच्या, ओल्या असतानाच कोरड्या ब्रशने त्यांच्या कडा हलक्या हाताने पुसायच्या, वाळल्या की वरून पांढऱ्याचं अगदी पातळ पाणी द्यायचं, आणि त्यावर पुन्हा थोड्या नव्या शिरा. असे थर देत गेले तसतसा लाकडात दगड उतरत गेला. वरून वॉर्निश दिलं त्या दिवशी मात्र वासाने अक्का आल्याच. पलंगाला पॉलिश चाललंय, असं नानांनी दारातच सांगितलं. पलंग कोणता, ते सांगायच्या आत त्यांनी अक्कांच्या जावयाची चौकशी सुरू केली, आणि अक्कांना तो विषय कधीच आवरता यायचा नाही.

रविवारच्या आठवडाभर आधी सासूबाईंना आत बोलावलं. दोन्ही चौरंग शेजारी शेजारी ठेवले होते. त्यांनी एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, मग हात लावला. गार नाही, म्हणाल्या. बस. इतक्या दिवसांच्या मेहनतीला त्यांच्याकडून मिळालेलं प्रमाणपत्र एवढंच. मला इतका संताप आला, की पीस हातात असतं तर अख्खं देऊळ रंगवून झालं असतं.

पण मला एक दिसत होतं, की त्या दिवसापासून सासूबाई देव्हाऱ्यासमोर दिवा लावायच्या त्या मान खाली घालून. एरवी देवीशी त्यांच्या मोठमोठ्याने गप्पा चालायच्या. दूध नासलं, भाव वाढले, सगळं तिला कळायचं. आता एक शब्द नाही. चौरंगाचं त्यांनी देवीला सांगितलेलंच नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. भाऊबंदकी जमली, रोट झाले, बायकांनी गाणी म्हटली, आणि जो येईल तो देवीच्या पाया पडून चौरंगाची तारीफ करत जेवायला बसला. चौरंगावर फुलं आणि केळीची पानं इतकी मांडली होती, की हात लावायला कोणाला जागाच राहिली नव्हती. ती व्यवस्था नानांची. दगडी चौरंग मागच्या खोलीत गोधड्यांखाली झाकून ठेवलेला. पुढे त्याच्यावर आमचा टीव्ही बसला, आणि इतका भक्कम टीव्ही गल्लीत दुसरा कोणाचा नव्हता.

सोमवारी सकाळी डफ वाजायला लागले. सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं, नवस माझ्यासाठी होता तर देवी माझ्याच डोक्यावरून जाणार. मला नवं पातळ नेसवलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, सासूबाईंनी आणि ह्यांनी मिळून चौरंग उचलून माझ्या डोक्यावर दिला. जुनं हलकं लाकूड आणि एक नारळ; मला काहीसुद्धा जड नव्हतं. मी दोन्ही हातांनी धरून झपाझप दाराबाहेर पडले, आणि तिथेच चुकले.

कारण समोर अक्का उभ्या होत्या. तो चौरंग उतरवायला चार गडी लागलेले त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितले होते. तोच चौरंग डोक्यावर घेऊन, काविळीतून उठलेली, काडीसारखी मी त्यांच्यासमोरून चालत गेले. अक्कांनी हातातलं आरतीचं ताट खाली ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन, भर रस्त्यात, त्या माझ्या पाया पडल्या. माझ्या आईच्या वयाच्या बाई. म्हणाल्या, देवीआईने भार उचलला.

आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. डफवाले थांबले, पुन्हा दुप्पट जोराने वाजवायला लागले. बातमी मिरवणुकीच्या पुढे धावली. दारादारातून बायका यायला लागल्या, माझ्या पायांवर पाणी घालायला लागल्या, कुंकू लावायला लागल्या. एकीने आपलं तान्हं माझ्या पायाशी ठेवलं. मला काय करावं सुचेना. हसू येत होतं, लाज वाटत होती, आणि मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती. नाना उपरण्यात तोंड घालून खोकत होते. हे आभाळाकडे बघत चालले होते, पाटबंधारे खात्याचं तिथे काही काम निघाल्यासारखे.

सासूबाई माझ्या शेजारून चालत होत्या. आधी त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली. सबंध गल्ली त्यांच्या कानबाईला, त्यांच्या सुनेला हात जोडत होती. असा मान त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. मी मनात म्हटलं, मिळू दे. कोणाचं काही जात नाही. लाकूड काही स्वतःहून बोलणार नाही.

नदीचा उतार लागला तिथे त्यांनी माझ्या दंडाला धरून मला थांबवलं. चेहरा पार उतरलेला. त्यांनी हात वर केला तसे डफ थांबले. मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, पण बघत होत्या माझ्या डोक्याच्या वर. कितीतरी दिवसांनी त्यांनी देवीकडे मान वर करून बघितलं होतं.

“माय,” त्या म्हणाल्या, “हाऊ दगडना नही. लाकूडना शे. मनी सूननी रंगाडेल शे. तुले चाली ते बठ. नही चाली ते मनावर रुस, पण हिनावर नको.”

माझ्यावर रुस पण सुनेवर नको, हे सगळ्या गल्लीसमोर, मोठ्याने. आवाज कापत होता. मी तिथे ढसाढसा रडले. दोन्ही हात वर अडकलेले, डोळे पुसायची सोय नाही, नाक वाहतंय, आणि समोर ही बाई माझा जीव पुन्हा एकदा मागून घेतेय. या बाईने माझ्या रंगकामाला कधी धड बरं म्हटलं नव्हतं. आत्ता मात्र मिळालेला सगळा मान तिने धुळीत टाकला, आणि तो टाकताना रंगवलं कोणी तेही सांगून टाकलं.

सासूबाई नारळाकडे बघत उभ्या होत्या, खरंच उत्तराची वाट बघत. अक्का पुढे आल्या, त्यांनी फुलं बाजूला सारून चौरंगावर टकटक केलं, आणि मागे सरल्या. मग मागून नाना म्हणाले, “देवी गप्प आहे म्हणजे तिला पटलंय. आपल्या लग्नात तूही अशीच गप्प होतीस.”

बायका हसल्या. डफावर हलकी थाप पडली. सासूबाईंनी पदराने माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं खसाखसा, आणि चाल म्हणाल्या. मी चालायला लागले. त्यांनी वर हात करून चौरंगाचा एक पाय धरला. वजन असं काही नव्हतंच, मी म्हटलंही, की आई, हलका आहे, सोडा. पण नदी येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.